हातांना उत्तर देणारं माणूस

९ जानेवारी

तीर्थस्वरूप ताईस साष्टांग नमस्कार. (अर्ध्यातच थांबलोय, कंबर धरलीय. उरलेला अर्धा भेटीत.)

मेसेज करता आला असता, पण मेसेजवर तू मला एका अंगठ्यात गुंडाळतेस. महत्त्वाचं असेल ते कागदावर लिहायचं, ही सवय तूच लावलीस. तेव्हा बस आणि वाच.

आमच्या मनोरुग्णालयात मागच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी बैठक घेतली. या शहरात नाना तऱ्हांची माणसं, नाना भाषा, आणि आम्ही सगळे डॉक्टर आणि काउन्सेलर मात्र एकाच साच्यातून काढल्यासारखे. ज्यांची भाषा आम्हाला येत नाही ते आमच्याकडे येत नाहीत, आणि आले तर पुन्हा तोंड दाखवत नाहीत. मग कोण कोण येत नाही याची उजळणी झाली. मी म्हटलं, "बहिरी माणसं." आमचे हेडक्लार्क म्हणाले, "त्यांचा काही त्रासच नाही साहेब. वर्षभरात एखाददुसरा येतो." मी म्हटलं, "दुकानाला कुलूप लावायचं आणि गिऱ्हाईक नाही म्हणायचं, असं झालं हे."

मग मी त्यांना एक जुनी गोष्ट सांगितली. माणूस ओळखू येणार नाही इतपत बदलून तुलाही सांगतो. एक बहिरा गृहस्थ वहिनीला घेऊन आला होता. त्याने किती तरी वेळ हात चालवले, आणि वहिनीने मला सांगितलं, "झोप लागत नाही म्हणतात." तुझ्यामुळे मला खुणा कळतात म्हणून बरं. तो म्हणत होता, "आधी या बाईला बाहेर पाठवा."

मोठे डॉक्टर चष्मा पुसत राहिले आणि म्हणाले, "मग त्यांच्यातलीच माणसं तयार करू." तर योजना अशी: अशा प्रत्येक समाजातून माणसं निवडायची, वर्षभर शिकवायचं, आणि नोकरीवर घ्यायचं. बहिऱ्यांसाठी दोन जागा. तू तुमच्या बहिऱ्यांच्या मंडळाची चिटणीस. एखादं तरुण, मानसशास्त्र शिकलेलं, शांत डोक्याचं माणूस सुचव ना.

तुझा,
भुवई

*

२१ जानेवारी

चिरंजीव भुवईस अनेक आशीर्वाद, आणि कंबरेला शेक.

काल मंडळात तुझं पत्र वाचून दाखवलं. वाचून म्हणजे हातांनी. तुझं नाव घेतलं तेव्हा नव्या पोरांनी विचारलं, हे भुवई कोण? मी सांगितलं, माझा धाकटा भाऊ, ऐकणारा आहे बिचारा. लहानपणी हातांपेक्षा भुवयाच जास्त नाचवायचा, म्हणून तेच नाव पडलं. आमच्यात एकदा हातांचं नाव पडलं की मोठा डॉक्टर झालास तरी सुटका नाही.

आता तुझ्या योजनेचं काय झालं ते ऐक. पहिला उंट उठला. (कवायत शिकवतो तो, मान बघितली की नाव कळतं.) म्हणाला, "वेड्यांच्या दवाखान्यात नोकरी? आधी तिथून आमच्यातलं कोणी बरं होऊन परत तर येऊ दे." सगळे हसले. मग मागच्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं, "तिथे दुभाषी कोण असणार?" या गावात दुभाषी बाई एकच. बँकेत ती, कोर्टात ती, बाळंतपणाला ती. काका म्हणाले, "तिला माझ्या घरातलं इतकं माहीत आहे की ती दिसली तर मी गल्ली बदलतो. आता मनातलंही तिच्या हाती देऊ?" यावर मात्र कोणी हसलं नाही.

आणि मानसशास्त्र शिकलेला बहिरा माणूस कुठून आणू रे? कॉलेजात सर फळ्याकडे तोंड करून शिकवतात. आम्ही काय त्यांच्या पाठीचे ओठ वाचायचे? ती पदवीची अट काढ आधी. आणि तुमच्या जाहिरातीतला 'मूकबधिर' हा शब्दही काढ. बधिर ठीक. मूक कोण? माझे हात झोपेतसुद्धा बडबडतात, असं आई सांगायची.

खळी आली असती तर तिने सगळ्यांना हसवून चार नावं मिळवली असती. पण ती गेले काही रविवार आलेली नाही. नवरा गेल्यापासून तसबिरींच्या फ्रेमांचं दुकान एकटीने ओढतेय, काम वाढलं असेल. तिच्या नावासाठी गालावर बोट टेकवलं की शाळेतला बाक आठवतो मला. चौथीपर्यंत दोघी एका बाकावर, आणि शिक्षासुद्धा एकत्र.

निघते. माझे प्लॅस्टरचे जबडे वाट बघतायत. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना तीन कवळ्या उद्याच हव्यात. लोकांना दात नसले की किती घाई असते!

तुझी,
ताई

*

८ फेब्रुवारी

ती. ताईस,

तुझ्या पत्रातलं पाठीचे ओठ वाचण्याचं वाक्य मी बैठकीत जसंच्या तसं वाचलं. मोठे डॉक्टर आधी चिडले, मग हसले, मग पदवीची अट काढली. 'मूक'सुद्धा गेलं. आता बारावी पास आणि स्वतः बहिरं असलेलं माणूस चालेल. शिकवायला खुणांच्या भाषेचे दोन दुभाषी बाहेरून येणार, तुमच्या गावच्या बाई नाहीत.

एक जागा भरलीसुद्धा. लांबच्या गावची मुलगी आहे. कॉलरला सेफ्टी पिन लावून आली होती, आणि मुलाखतभर ती काढत-लावत होती. तिचं हातांचं नावही पिनच. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट चिडला तर काय कराल?" ती म्हणाली, "आधी बघेन, की तो चिडलाय की नुसता मोठ्याने बोलतोय. आमच्यात मोठ्याने बोलणं म्हणजे हात मोठे होणं." तिथेच निवडली तिला.

दुसरी जागा रिकामीच आहे. आता मला तरुणही नको. चार पावसाळे पाहिलेलं, लोकांनी ज्याच्यासमोर मोकळेपणी रडावं असं कोणी हवंय. तुझ्या ओळखीचं कोणीच कसं सुचत नाही?

तुझा,
भुवई

*

१५ फेब्रुवारी

चि. भुवईस,

नाही बुवा सुचत.

कवळ्या वेळेत दिल्या. एका आजोबांना वरची जरा घट्ट झाली.

तुझी चार पावसाळे पाहिलेली,
ताई

*

१९ मार्च

ताई, नमस्कार वगैरे सगळं नंतर!

काल मुलाखतीच्या खोलीचं दार उघडून मी म्हणालो, "पुढचे उमेदवार," आणि बाकावर तू! पदर नीट केलेला, मांडीवर पर्स, चेहऱ्यावर मला ओळखतही नसल्याचा भाव. मी दार पुन्हा लावून घेतलं. मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, "ही माझी सख्खी बहीण आहे, मी बाहेर बसतो." बाहेर जाऊन जिन्यावर बसलो. तुझी मुलाखत संपेपर्यंत तिथेच होतो, आणि तू मागच्या दाराने स्टेशनवर निघून गेलीस.

घरी तुझ्या भावजयीला सांगितलं. ती म्हणाली, "ताईंचं पंधरा फेब्रुवारीचं पत्र मलाही दाखवलं होतंत. ते वाचून तुम्हाला कळलं नाही?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "आणि तुम्ही लोकांची मनं वाचता."

तुझी निवड झालीय. त्यात माझा काडीचाही हात नाही. पण मला का नाही सांगितलंस? आणि दातांचं काम सोडणार? लोकांची दुःखं दिवसभर ऐकून मी घरी कसा येतो ते तू पाहिलं आहेस. काळजी वाटते गं.

तुझा,
भुवई

*

११ मे

चि. भुवईस अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर केला, मुद्दामच केला. आता राग गेला, म्हणून लिहिते.

सांगितलं असतं तर तू आधी काळजी केली असतीस, मग मदत केली असतीस. निवड झाली असती तर म्हणाले असते भावाचा वशिला. झाली नसती तर तू महिनाभर माझ्यासमोर तोंड पाडून बसला असतास. आणि खरं सांगू? तू माणसं शोधायला मला सांगितलंस, पण मी तुझ्या डोळ्यांसमोर आले नाही, ते लागलं मला. तुझ्यासाठी मी ताई. ताईला काय, कवळ्या आहेत, मंडळ आहे! असो, झालं गेलं.

शिकायला मजा येतेय. तुमच्याकडे खोली रिकामी नाही म्हणून वर्ग इथल्या सरकारी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर भरतो. मी आणि पिन पहिल्या बाकावर, मागे इतर समाजांतली आठ जणं. मधल्या सुट्टीत सगळे एकमेकांना आपापल्या भाषेतल्या शिव्या शिकवतात. खुणांतल्या शिव्या सगळ्यांना फार आवडल्या.

परवा शिकवणाऱ्या बाईंनी पेशंटला विचारायच्या नेहमीच्या प्रश्नांचा कागद दिला. त्यात प्रश्न होता, "तुम्हाला कानात आवाज ऐकू येतात का?" पिनने माझ्याकडे बघितलं, मी पिनकडे, आणि दोघी इतक्या हसलो की बाई घाबरल्या. मग मी विचारलं, "हा प्रश्न बहिऱ्या माणसाला विचारलात आणि तो हो म्हणाला, तर तुम्ही काय समजाल?" बाईंनी पेन खाली ठेवलं. मग सगळ्यांनी मिळून प्रश्न नवा केला: "समोर कोणी नसताना कोणी तुमच्याशी बोलतं का? हात दिसतात का?" बाई भल्या आहेत. मला म्हणाल्या, "मला हे कधी सुचलंच नसतं." मी म्हटलं, "तुमच्या बाकीच्या प्रश्नांतला एकही मला सुचला नसता." आमचं छान जमलंय.

काम पूर्ण सोडलेलं नाही, संध्याकाळी दोन-तीन जबडे करते. रडणाऱ्या माणसांचे धडे सकाळी, बोळकी संध्याकाळी.

तुझी,
ताई

*

२ जून

ती. ताईस,

लागलं, आणि बरोबरच लागलं. तुझ्या भावजयीनेही हेच सांगितलं होतं, पण तिचं ऐकायचं नाही असा माझा नियम आहे ना.

एक कळवतो. सप्टेंबरपासून प्रत्यक्ष काम सुरू होईल. पिन माझ्याकडे येणार, तुला तुमच्या गावच्या दवाखान्यातच खोली मिळणार. मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं, ताईंना तिथे सगळे ओळखतात, त्यांच्याकडे रांग लागेल. तुझी खोली कशी असावी ते लिहून पाठव, मी मागे लागतो.

तुझा,
भुवई

*

१८ सप्टेंबर

चि. भुवईस,

खोली छान मिळालीय. दारावर घंटीऐवजी बटण, ते दाबलं की आत दिवा लागतो. खिडकी माझ्या तोंडासमोर येईल अशी खुर्ची ठेवलीय, म्हणजे माझ्या हातांवर उजेड पडतो. दाराची काच कागदाने झाकून घेतली, कारण आमचं बोलणं बाहेरून कोणीही बघून चोरू शकतं. हे तुमच्या लोकांना सांगावं लागलं. त्यांनी भिंतीतून आवाज जाऊ नये म्हणून जाड दार बसवलं होतं!

रांग मात्र लागली नाही. येतात ती लांबून येतात. बस बदलून, कधी दोन बस बदलून. एक आई मुलीला घेऊन आली, आणि मुलगी पहिल्यांदाच आईशिवाय कोणाशी तरी बोलली, इतकं बोलली की शेवटी मनगट चोळत बसली. तेव्हा वाटलं, आयुष्यभर दात कशाला घासत बसले होते मी! पण मंडळातलं एकही माणूस येत नाही. रविवारी माझ्याशी गप्पा मारतात, विनोद सांगतात. खोलीचा विषय काढला की चहा आणायला उठतात.

आणि खळी. गेल्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. सासू आहे, दीर-जाऊ आहेत, त्यांची मुलं आहेत. सगळी माणसं चांगली रे. तिला ताट वाढून देतात, तिच्या औषधपाण्याचं बघतात, तिच्याशी ओठ मोठे करून सावकाश बोलतात. पण खुणा त्या घरात एकालाच येत होत्या, आणि तोच गेला. माणसांनी भरलेल्या घरात तिच्या हातांना उत्तर देणारं माणूस उरलेलं नाही. हे मला वर्षभर कळलं नाही. मी समजत होते, दुकानात काम वाढलंय.

ती खूप वाळलीय. हसली, पण गाल हललेच नाहीत. मी म्हटलं, "माझ्या खोलीत ये. मी आता शिकलेय हे सगळं." तशी तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. आमच्यात हात झाकणं म्हणजे तुम्हा ऐकणाऱ्यांनी तोंडावर दार लावून घेण्यासारखं. त्यानंतर तिने माझ्या एकाही मेसेजला उत्तर दिलेलं नाही.

मला भीती वाटतेय. काय करू? ओढत आणू का तिला?

तुझी,
ताई

*

१ ऑक्टोबर

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ओढत आणू नये. माणूस बोलायला तयार नसेल तर त्याच्या बोलण्याची जागा आणि वेळ त्याची त्याला ठरवू द्यावी. जिवाचा धोका वाटला तर आडवळणाने न विचारता सरळ विचारावं, "जगावंसं वाटत नाही असं मनात येतं का?" विचारल्याने काही वाईट होत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नये आणि लगेच दवाखाना गाठावा. एरवी मैत्रिणीने मैत्रीण राहावं. दुकानात जाऊन बसावं, मदत करावी.

कोणा एका व्यक्तीबद्दल मी यापेक्षा जास्त काही लिहू शकणार नाही.

तुझ्या भावजयीचा नमस्कार.

तुझा,
भुवई

*

९ ऑक्टोबर

भुवई,

हे पत्र आहे की परिपत्रक? 'कोणा एका व्यक्तीबद्दल'! ती कोणी एक व्यक्ती आहे? तुझ्या मुंजीच्याही आधी तुला खांद्यावर घेऊन जत्रेच्या गर्दीतून फिरवणारी, तुला खुणांतले सगळे वात्रट शब्द शिकवणारी खळी आहे ती. मी तुझ्यापुढे जीव काढून ठेवला आणि तू मला पाठ्यपुस्तकाचं पान फाडून पाठवलंस.

पिनसुद्धा तशीच. पूर्वी रोज रात्री व्हिडिओवर माझं डोकं खायची. आता आठवड्याला एकदा, तेही हवापाण्याच्या गप्पा. 'काम फार आहे ताई' म्हणते आणि पिन काढत-लावत बसते. मोठ्या शहरात गेलं की असंच होत असेल.

तू सांगितलंस म्हणून नाही, मला राहवलं नाही म्हणून दुकानात गेले. तिला सरळ विचारलं. तिने हातातली फ्रेम खाली ठेवली आणि म्हणाली, "तेवढं वाईट आता नाही. पण मला विचारत जाऊ नकोस." मग मी तिच्या काचा पुसत बसले. रोज जाते. तिची काच कापण्याची पद्धत चुकीची आहे यावरून एकदा भांडणसुद्धा झालं.

पण माझ्या स्वतःच्या मैत्रिणीला माझ्यापुढे मन उघडावंसं वाटत नसेल, तर माझा काय उपयोग? मार्चमध्ये वर्ष संपलं की मी सोडणार आहे. दात बरे. ते निदान बसले नाहीत तर परत आणून देतात, आणि का बसले नाहीत ते सांगतात.

ताई

*

१६ ऑक्टोबर

माझ्या ताईस,

रागाव. हवं तेवढं रागाव. या वेळी तुझा राग उतरवायला माझ्याकडे काहीही नाही. पण सोडू नकोस.

एवढंच सांगतो. लांबून दोन बस बदलून माणसं तुझ्याकडे का येतात, याचा विचार कर. तू त्यांची आहेस, आणि तरी त्यांच्या गल्लीतली नाहीस. मंडळातली माणसं येत नाहीत, कारण रविवारी त्यांना तुझ्याच शेजारी बसून विनोद सांगायचे असतात. यात तुझं काही चुकलेलं नाही, आमचंच चुकलं. आम्हाला वाटलं, बहिऱ्यांसाठी एक बहिरं माणूस बसवलं की झालं. ऐकणाऱ्या माणसाला या शहरात पन्नास डॉक्टरांतून आवडेल तो निवडता येतो, एक पटला नाही तर दुसऱ्याकडे जाता येतं. तुमच्या माणसाला का नको?

मी मोठ्या डॉक्टरांकडे आणखी जागा मागितल्यात. ते म्हणाले, "आधीच्या दोघी टिकतात का बघू." म्हणजे तू सोडलंस तर मी तोंडावर आपटणार आहे, हेही लक्षात घे.

काचा पुसत राहा.

तुझा,
भुवई

*

२२ जानेवारी

चि. भुवईस अनेक, अनेक आशीर्वाद.

तीन महिने तुला लिहिलं नाही. राग होता. आज बसलेय.

काल संध्याकाळी मी जबड्यांत मेण ओतत होते, तेवढ्यात टेबलावर थाप पडली. खळी! आल्या आल्या म्हणाली, "मेण बाजूला ठेव. मला तुझे दोन्ही हात मोकळे हवेत." मग स्टुलावर बसली आणि बोलायला लागली.

सप्टेंबरात सकाळ होऊच नये असं तिला वाटायला लागलं होतं. मी तिच्या घरी गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिने घरी सांगितलं, फ्रेमा पोचवायला जातेय, आणि बस पकडून तुमच्या शहरात आली. तिथल्या खिडकीवर कागद सरकवला: "खुणांनी बोलणारं माणूस हवंय. माझ्या गावचं नको." तिला पिनकडे पाठवलं. बोलता बोलता कळलं, की पिन माझ्याबरोबर शिकलीय. ही उठून निघालीच होती. पिनने अडवलं नाही. एवढंच म्हणाली, "हो, त्यांना ओळखते. पण इथलं तिथे जात नाही. विश्वास बसत नसेल तर बघा थोडे दिवस."

आणि खळीने बघितलं. मी रोज तिच्या दुकानात जात होते ना, तेव्हा ती माझा चेहरा बघत होती. मला म्हणाली, "तुझ्या पोटात काही राहत नाही, शाळेपासून बघतेय. तुला जरा जरी माहीत असतं तरी तुझ्या डोळ्यांत दिसलं असतं. तू काचा पुसत होतीस, माझ्या चुका काढत होतीस, आणि तुला खरंच काही माहीत नव्हतं. म्हणजे त्या पोरीने तुलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी तिच्याशी खरं बोलायला लागले."

मी विचारलं, "पण मी काय वाईट होते? माझ्याकडे का नाही आलीस?"

ती माझ्याकडे बघून हसली. गाल हलले रे या वेळी. म्हणाली, "अगं, तुला सगळं सांगितलं असतं तर तू मला जपत बसली असतीस. सासू जपते, जाऊ जपते, दीर जपतो. मग माझ्याशी भांडायला कोण राहिलं असतं? मला बोलायला दुसरं माणूस मिळालं. मैत्रीण दुसरी कुठून आणणार होते?"

मग दोघी रडलो, आणि मेण गोठून गेलं. तिच्या धाकट्या दिराला आणि जावेला पिनने खुणा शिकायला लावलंय, आठवड्यातून एकदा. जाऊबाई 'जेवण' म्हणायला जातात आणि 'गाढव' म्हणतात. खळी दुरुस्त करत नाही.

येत्या रविवारी मंडळात येणार म्हणालीय.

मी सोडत नाही. मोठ्या डॉक्टरांना सांग, दोघी टिकल्यात, आता जागा द्या. या गावात निदान आणखी दोघं हवीत आणि त्यातला एक पुरुष हवा, कारण उंटाला काही तरी बोलायचंय आणि तो माझ्यापुढे नुसती मान हलवतो.

आता एकच विचारते. तिथल्या डॉक्टरांचं नाव खळीने सांगितलं नाही, मीही काढून घेतलं नाही. पण तुझं एक ऑक्टोबरचं ते परिपत्रक आज पुन्हा वाचलं. तुला माहीत होतं ना?

तुझी,
ताई

*

३० जानेवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

पाच जागा मंजूर झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी सही करताना विचारलं, "तुमच्या ताईंना निवड समितीवर बोलावलं तर येतील का?" मी म्हटलं, "येतील, पण फळ्याकडे तोंड करून बोलू नका." एप्रिलमध्ये मुलाखती आहेत. मी तेव्हाही जिन्यावर बसेन. तुझी भावजय म्हणते, या वेळी मागच्या दाराने पळालात तर ती स्टेशनवर उभी असेल.

पिन मजेत आहे. तुला रोज व्हिडिओ करायला लागलीय, हे तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवरून कळतं. पोरीला जरा झोपू दे.

तू जे विचारलंस, त्यावर मला काही बोलता येणार नाही. तेव्हाही आलं नसतं, पुढेही येणार नाही.

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर उघडलं होतं. वाचून झालं. तुझ्या भावजयीने विचारलं, "ताई बऱ्या आहेत ना?"

म्हटलं, "बऱ्या आहेत. फार बऱ्या आहेत."

"मग रडताय कशाला?"

तिलाही सांगता आलं नाही. उठलो आणि तिच्या वाटणीची सगळी भांडी घासून टाकली.

तुझा,
भुवई